गायत्री, तू सांग

१

सातवीच्या वर्गात रोज अकरा चाळीसला रंजना मॅडम येत. येत म्हणजे पडद्यावर येत. फळ्याशेजारी मोठा पडदा बसवलेला होता, त्याच्यावर कॅमेरा, बाजूला दोन स्पीकर, आणि छतातून खाली लोंबणारा एक माइक. मॅडम शहराच्या दुसऱ्या टोकाला एका स्टुडिओत उभ्या राहून विज्ञान शिकवायच्या आणि सुरतेतल्या नऊ मराठी शाळांमधली मुलं त्यांना एकाच वेळी बघायची. नुसती बघायची नाहीत. मॅडम शाळेचं नाव घेत, मग मुलाचं नाव घेत, मूल उठून उत्तर देई आणि ते उरलेल्या आठ शाळांना ऐकू जाई. पडद्याच्या खालच्या कडेला नऊ बारके चौकोन असायचे, एकेका चौकोनात एकेक वर्ग. आमचा चौथा.

मी वाल्मिक पाटील, त्या वर्गाचा शिक्षक. आमची शाळा उधन्यात आहे. तिन्ही बाजूंनी लूमची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, आणि चौथ्या बाजूला रस्ता. त्या पस्तीस मिनिटांत माझं काम एवढंच, की पडदा चालू करायचा, मुलांना शांत ठेवायचं आणि मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. खरं सांगायचं तर मला ती पस्तीस मिनिटं विश्रांतीची वाटायची.

उतराणची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशीची गोष्ट. खिडकीच्या गजांना पतंगाचा मांजा अडकून राहिला होता आणि मुलांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. मॅडम बाष्पीभवन शिकवत होत्या.

"वाफ आपल्याला घरात कुठं कुठं दिसते? उधना. गायत्री, तू सांग."

तिसऱ्या बाकावर खिडकीकडची जागा गायत्रीची. ती रिकामी होती. गायत्री दिवाळीपासून शाळेत येत नव्हती. 'मॅडम, ती नाहीये' असं सांगायला मी दोन पावलं पुढे आलो, तेवढ्यात मॅडमनी मान किंचित तिरकी केली. मूल बोलू लागलं की त्या अशीच मान करायच्या. दहा-बारा सेकंद त्या ऐकत राहिल्या. मध्ये एकदा हसल्या.

"अगदी बरोबर. भाकरी फुगते ती आतल्या वाफेमुळंच. किती छान उदाहरण दिलंस. शाब्बास, गायत्री."

वर्गात कुणीही बोललेलं नव्हतं. बाहेर लूम खटखटत होते, तेवढाच आवाज.

मॅडम पुढच्या शाळेकडे वळल्या. मी तिथंच उभा राहिलो. दुसऱ्या वर्गातलं उत्तर चुकून आमच्या नावावर गेलं असेल, हे मला लगेच सुचलं. मला खटकलं ते दुसरंच. माझ्या वर्गातली अडतीस मुलं, कुणाची चप्पल तुटली तरी हसणारी. त्यातलं एकही हसलं नाही.

२

गायत्री दगा महाजन. वडील दगा लूमवर कामाला, मूळ गाव पारोळ्याकडचं. मीही खानदेशातलाच, त्यामुळे त्या घराशी बोलताना माझीही भाषा अहिराणीकडे वळायची. दिवाळीत त्यांनी उधन्यातली खोली सोडली आणि तापीपलीकडे कोसाडला राहायला गेले. सुट्टी संपल्यावर तिची आई पुष्पाबाई एकटीच शाळेत आली.

"गुरुजी, तिनं नाव ऱ्हाऊ द्या," ती व्हरांड्यातच म्हणाली. "पोर हुशार शे. थोडं थारं लागू द्या, मंग ती बसवर येई."

मी म्हणालो, बघू. महिनाभर वाट बघितली. कोसाडहून बारा वर्षांची मुलगी रोज दोन बस बदलून येणार नाही, हे मला दिसत होतं. तिकडच्या जवळच्या शाळेत मराठी वर्ग नव्हता, तेही ठाऊक होतं. डिसेंबरात पटाची तपासणी आली. मी लाल शाईनं तिच्या नावावर रेघ मारली आणि शेरा लिहिला : सतत गैरहजर, नाव कमी केले. नियमात बसणारं काम होतं. त्या दिवशी घरी मी नीट जेवलो, झोपलो.

म्हणून उतराणनंतरच्या त्या दुपारी मी रंजना मॅडमना फोन केला आणि हसतच सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडची यादी जुनी आहे. गायत्री महाजनचं नाव काढून टाका. ती शाळा सोडून गेली."

"कोण गायत्री? तुमची? खिडकीजवळ बसते ती?"

"हो. दिवाळीपासून नाही."

"असं कसं सर?" मॅडमही हसल्या. "गेले दोन-तीन आठवडे तीच तर सगळ्यात जास्त बोलते. मी यादीतून नाव घेतच नाही, ती हात वर करते म्हणून घेते."

मी म्हणालो, दुसरी एखादी मुलगी असेल. चौकोन बोटभर, त्यात चेहरा कुठं ओळखू येतो. मॅडम म्हणाल्या, असेलही. विषय तिथं संपला. फोन ठेवल्यावर मला आठवलं की हे दोन-तीन आठवडे मॅडम शिकवत असताना मी मागे उभा राहून मोबाइल बघत होतो.

३

चार दिवसांनी सुवर्णाबाईंचा फोन आला. त्या लिंबायतच्या शाळेत सातवीला शिकवतात. आमची ओळख जुनी, बोलणं मोकळं.

"वाल्मिक सर, तुमच्या त्या गायत्रीनं आज आमच्या पोरांना रडवलं हो."

"काय म्हणाली?"

"म्हणजे काय? तुमच्या वर्गातच तर बोलली."

मी काहीतरी थाप मारली. स्पीकर खरखरत होता म्हणालो. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी पाणी गाळण्याचा धडा होता. गायत्री म्हणाली, की गावाकडे उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा मोठी माय धुरपदाबाई तिला वाळूत घेऊन जाते. हातांनी झिरा खणायचा, आधी गढूळ पाणी येतं, ते वाटीनं उपसून टाकायचं, मग निवळशंख येतं. पहिली वाटी मोठी माय नातीला पाजते आणि उरलेल्या पाण्यानं तिचं तोंड पुसते.

"असं सांगितलं ना तिनं, की डोळ्यांपुढं नदी उभी राहिली. कुठून आणता हो अशी पोरं?"

त्या तासाला मी वर्गातच होतो. मॅडम जवळजवळ मिनिटभर मान तिरकी करून उभ्या होत्या, हे मी पाहिलं होतं. वर्गात तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तास सुरू व्हायच्या आधीच तिसऱ्या बाकापाशी गेलो. तिथं मयुरी बसते. बाक तिघींचा, पण ती अगदी कडेला टेकून, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

"अगं, सरक की आत. एवढी जागा आहे."

"नको सर."

"का?"

"तिला लिहायला जागा लागते."

"कुणाला?"

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली मान घातली. पुढच्या बाकावरचा सुपडू मागे वळून बघत होता, तोही पटकन समोर वळला. मी आणखी विचारलं असतं, पण मोठा माणूस आपल्याला खोटं पाडणार हे कळल्यावर मुलांचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला होता. मी तिला पुढच्या बाकावर पाठवलं आणि त्या रिकाम्या जागेवर स्वतः जाऊन बसलो. पन्नाशीतला माणूस, गुडघे बाकाला अडकले. मुलं बघत होती. कुणी हसलं नाही.

बारा वाजत आले होते. मॅडम म्हणाल्या, "उधना. हो गायत्री, बोल."

मी श्वास रोखून बसलो. लाकूड तेच, खिडकी तीच. थंडी वाजली नाही, कुणाचा स्पर्श झाला नाही, काहीही झालं नाही. मी स्वतःशी म्हणालो, बघ, काही नाही. आणि सहज वर पाहिलं.

छतातल्या माइकला एक हिरवा दिवा आहे. खोलीत कुणी बोललं की तो लुकलुकतो, बोलणं थांबलं की विझतो; बाहेरच्या लूमच्या आवाजाला तो लागत नाही. वर्गात कुणी हूं की चूं करत नव्हतं. दिवा लुकलुकत होता. थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. एखादं मूल आठवून आठवून बोलतं तसा.

४

माणूस आधी यंत्रावर संशय घेतो. मी तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं वायरी तपासल्या, माइक बदलला आणि सगळं ठीक असल्याचं सांगून गेला. झालेले तास परत बघता येतात, म्हणून मी तेही काढून बघितले. त्यात फक्त मॅडमच्या बाजूचं साठवलेलं असतं. मॅडम प्रश्न विचारतात, गप्प राहतात, हसतात, शाब्बास म्हणतात. बाकी काही नाही.

मग मी एक दिवस तास घेतलाच नाही. पडद्याची वायर भिंतीतून काढली, वर्गाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मुलांना मैदानावर लिंबाखाली बसवून स्वतः शिकवलं. उन्हात बसून मुलं खूश झाली. मलाही बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी खडू हातात घेतल्यासारखं वाटलं.

दीड वाजता मी सुवर्णाबाईंना फोन केला. "आज आमचं यंत्र बंद होतं. काय काय झालं तासाला?"

"बंद कुठं होतं? तुमचा वर्ग दिसत होता की."

माझा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"मीच तुम्हाला विचारणार होते," त्या म्हणाल्या, "बाकीची मुलं कुठं गेली होती? सगळी बाकं रिकामी. ती एकटीच बसली होती बिचारी. एवढ्या मोठ्या खोलीत एकटं पोर बसलेलं बरं नाही वाटत हो. पण बोलली छान. ध्वनीचा धडा होता. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन खात्यात जायची, तेव्हा आवाजानं घाबरायची, मग वडील मशीन सोडून यायचे आणि दोन्ही तळहात तिच्या कानांवर ठेवायचे. म्हणाली, त्या हातांना तेलाचा वास यायचा."

किल्ली माझ्या खिशातच होती. मी ती हातात घट्ट धरली होती हे मला नंतर कळलं, तळव्यावर तिचे दाते उमटले तेव्हा.

"सुवर्णाबाई," मी म्हणालो, "माझं एक काम करा. ती जे जे बोलते ते लिहून ठेवा."

५

रविवारी मी कोसाडला गेलो. बस अमरोली ओलांडून पुढे गेली की एकसारख्या इमारती लागतात, एकसारखे जिने, गॅलऱ्यांतून वाळत घातलेल्या साड्या. पत्ता सापडायला तासभर गेला.

घरात दोघीच होत्या. दगा कामावर गेला होता. जमिनीवर एक लांबच लांब साडी पसरलेली आणि तिच्या काठावर पुष्पाबाई डिंकानं चमकते खडे चिकटवत होती. समोर गायत्री तेच काम करत होती. मला बघून पुष्पाबाई घाईनं उठली. गायत्रीही उठली, हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. बसा ना."

"वळखलं का वं?" आईनं विचारलं. "गुरुजी शेतस तुना."

"हो," ती म्हणाली. पण ते ओळखल्याचं 'हो' नव्हतं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, ते होतं.

ती बारीक झालेली नव्हती, आजारी दिसत नव्हती. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. तिला पाणी आणायला पाठवून पुष्पाबाई माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मनी पोर बदली गई, गुरुजी. घरमा बी पुस्तकनी भाषा बोलस. आपली बोली इसरी गई. काय व्हयनं, माले काय समजत नही."

मग तिनं एकेक सांगितलं. रोज शाळेच्या वेळेला, बाराच्या सुमारास, गायत्री काम करता करता थांबते. हातातला खडा हातातच राहतो. हाक मारली तरी ऐकत नाही. ओठ हलत नाहीत, डोळे उघडे. थोड्या वेळानं पुन्हा काम करू लागते. पण दर वेळी काहीतरी कमी झालेलं असतं. एकदा भाकरी तव्यावर फुगली तर दचकली, हे काय म्हणाली. परवा वडील कामावरून आले, त्यांनी लाडानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर अंग चोरून घेतलं. डॉक्टरांनी शक्तीची औषधं दिली.

"रविवारले काही व्हत नही," पुष्पाबाई म्हणाली. "आज बरी शे."

माझ्या शर्टाच्या खिशात सुवर्णाबाईंनी पाठवलेल्या गोष्टींची यादी होती. मी ती काढली नाही. ती मला पाठ होती. गायत्री पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "गायत्री, उन्हाळ्यात जाणार का धुरपदाबाईंकडे?"

तिनं कपाळाला बारीक आठी घातली. फळ्यावरचं गणित जमत नसलं की घालायची तशीच.

"कोण?" ती म्हणाली.

"तुनी मोठी माय वं!" पुष्पाबाईचा आवाज चढला. "जिनी तुले झिरानं पानी पाजं!"

गायत्री माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "झिरा म्हणजे काय?"

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसलो आणि यादी पुन्हा काढली. वाफ. झिरा. बापाचे हात. जे तिथं सांगून झालं होतं, ते इथं उरलेलं नव्हतं. असं होत नाही, असं होऊ शकत नाही, हे मी स्वतःला पूल येईपर्यंत सांगत होतो. पुलाखालून तापी वाहत होती. मी नदीकडे बघितलं आणि माझ्या लहानपणची नदी आठवून पाहिली. ती आठवली तेव्हा मला रडू आलं.

६

सोमवारी मी आचार्यांपुढे, म्हणजे मुख्याध्यापकांपुढे, बसून गायत्रीचं नाव पुन्हा पटावर घेतलं. निळ्या शाईनं, पूर्ण नाव, गायत्री दगा महाजन. मला वाटत होतं, खोड तिथंच आहे. मी तिची जागा रिकामी केली म्हणून त्या जागेवर भलतंच काही येऊन बसलं. तिला तिच्या जागी आणून बसवलं की ते जाईल. दुसरा उपाय मला सुचत नव्हता आणि वेळ जात होता.

मंगळवारी पुष्पाबाई तिला घेऊन आली. साडेअकरा वाजले होते. मी आईला व्हरांड्यात बाकड्यावर बसवलं आणि गायत्रीला वर्गात नेलं. तिसऱ्या बाकापर्यंत ती आपली आपण गेली नाही. मी हात धरून नेली. मुलं तिच्याकडे आणि तिच्या बाजूच्या जागेकडे आळीपाळीनं बघत होती. मयुरी बाकावरून उठली आणि न विचारता मागे जाऊन बसली.

अकरा चाळीस झाले. मॅडम आल्या.

"आज आपण नवीन धडा घेऊया. आई-वडिलांकडून आपल्याला काय काय मिळतं? रंग, उंची, डोळे. आज प्रत्येकानं सांगायचं, माझ्यातलं काय माझ्या आईसारखं आहे."

हा प्रश्न गायत्रीकडे आला तर तिचं काय जाईल, हे मला उशिरा कळलं. दोन मुलं बोलून झाली, तोवर मी नुसता ऐकत होतो. मग मी एकदम पडद्याकडे निघालो.

"उधना," मॅडम म्हणाल्या. "गायत्री, तू सांग."

गायत्री उभी राहिली. माझी गायत्री, समोरची, हाडामांसाची. तिनं तोंड उघडलं. "माझ्या आईसारखे माझे..." ती म्हणाली आणि मी जागच्या जागी थांबलो. वाटलं, जमलं. ती बोलते आहे. तिला आठवतं आहे.

मॅडमनी भुवया उंचावल्या.

"एका वेळी एकीनंच बोला बाळांनो. गायत्री, तुझ्या शेजारी ती कोण उभी आहे? पाहुणी आहे का?"

मी चौथ्या चौकोनाकडे पाहिलं. बोटभर वर्ग, बोटभर बाकं, पडद्यापाशी उभा असलेला मी. तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ दोघी उभ्या होत्या. एकच गणवेश, तशाच वेण्या. एक समोर बघत होती. दुसरी समोर बघत नव्हती. ती मान वळवून पहिलीच्या अगदी तोंडाजवळ आली होती आणि तिच्या ओठांकडे बघत होती. बहिऱ्या माणसाला ओठांवरून शब्द ओळखायचे असले की तो बघतो तशी. चेहरा मला दिसला नाही. एवढंच दिसलं.

मी वायर हिसकली. पडदा काळा झाला. गायत्री बाकापाशी एकटीच उभी होती, तोंड अर्धवट उघडं, शब्द तिथंच थांबलेला. आणि वर माइकचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

मी फोन लावला. सुवर्णाबाईंनी तास चालू असतानाच उचलला, कुजबुजत म्हणाल्या, "काय हो सर?"

"पडदा बंद करा. मॅडमना सांगा थांबवा, तिला बोलू देऊ नका..."

"कुणाला? थांबा, ऐकू द्या की जरा."

त्यांनी फोन कानापासून दूर धरला असावा. कारण मग मला त्यांचा वर्ग ऐकू आला. पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला, आणि त्यांच्या स्पीकरमधून येणारा एका मुलीचा आवाज. मी तो पाच वर्षं ओळखत होतो. थोडा बसका, शब्दाच्या शेवटी वर जाणारा.

"...माझे कान माझ्या मायसारखे आहेत. कान टोचायला गेलो तेव्हा सोनारानं मला धरलं, पण माझ्याआधी मायच रडली. मग घरी येईपर्यंत ती माझ्या कानावर फुंकर मारत होती. रिक्षात पण. माय म्हणाली, मी लहान असताना माझी माय पण अशीच..."

गायत्री माझ्यासमोर उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. कानातल्या बारीक रिंगा हलत नव्हत्या.

"किती गोड बोलते हो तुमची पोर," सुवर्णाबाई फोनवर म्हणाल्या.

माझा ओरडा ऐकून पुष्पाबाई व्हरांड्यातून धावत आली. दारात चप्पल निसटली तशीच आत आली. "गायत्री! काय व्हयनं वं बाई?" म्हणत तिनं पोरीचे दोन्ही खांदे धरले.

गायत्री एक पाऊल मागे सरली. रागानं नाही, भीतीनंही नाही. गर्दीत अनोळखी बाईचा धक्का लागला की आपण सरतो, तशी. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि या बाईंना मी काय सांगू, असं डोळ्यांनीच विचारलं.

७

आमच्या वर्गातला पडदा मी काढायला लावला. कारण दिलं, लूमच्या धुळीनं बिघडतो. आचार्यांनी जास्त विचारलं नाही. रंजना मॅडमना मात्र मी सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. पण आठवड्यानं त्यांनीच फोन केला.

"सर, तुमचा चौकोन अजून दिसतो. मी तिला आता प्रश्न विचारत नाही. पण ती आता हातच वर करत नाही. नुसती बसून असते. तिच्याजवळचं सगळं सांगून झालं असावं."

मार्चमध्ये परीक्षा होत्या म्हणून तास संपले. मॅडमनी पुढच्या वर्षी काम करणार नसल्याचं कळवलं.

गायत्री रोज शाळेत येते. दोन बस बदलून येते. पुष्पाबाईंनी खडे चिकटवायचं काम सोडलं आणि त्या तिला सोडायला, न्यायला येतात. दुपारभर व्हरांड्यात बसतात. मी गायत्रीला पहिल्या बाकावर, माझ्या टेबलासमोर बसवतो आणि खडूनं फळ्यावर शिकवतो. ती भराभर शिकते. आपलं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव तिनं दोन दिवसांत पाठ केलं. विचारलं की एक अक्षर न चुकता सांगते. मुलं तिच्याशी नीट वागतात. मयुरी पुन्हा तिच्याशेजारी बसू लागली आहे, कडेला नाही, टेकून.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरच्या गोष्टी सांगत राहा. म्हणून पुष्पाबाई बसमध्ये तिला रोज एकेक गोष्ट सांगतात. गायत्री लहान असताना कशी चालायला लागली, तिला कांजिण्या कशा आल्या होत्या, ती कशावरून रुसायची. जाताना एक, येताना एक.

काल सुटीच्या वेळी मी व्हरांड्यात त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. विचारलं, "ऐकते का?"

"ऐकस ना," पुष्पाबाई म्हणाल्या. "चांगलं ध्यान दीसन ऐकस. काल तर बसमा मना हात धरा तिनी. माले वाटनं, वळखं." त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग गायत्रीचेच शब्द, गायत्री बोलते त्याच पुस्तकी भाषेत, जपून एकेक उच्चारत त्यांनी मला सांगितले :

"म्हनी, 'मग बाई, तुमच्या गायत्रीचं पुढं काय झालं?'"